माळ्यावरचे पॅटर्न आधी स्कॅन करा

जुन्या गाडीच्या पंपाचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक, ४० मिलिमीटरचा असणार, असं संगणकावर बसलेल्या मुलानं ठरवून टाकलं. स्कॅनमध्ये एका बाजूनं मोजलं की ३९.७ येत होते, दुसऱ्या बाजूनं ४०.१. पंप पन्नास-साठ वर्षं फिरलेला, बेअरिंगनं आपलं घर लांबट करून ठेवलेलं. त्यापेक्षा ४० हा गोल आकडा बरा. मग त्याच आकड्यावर पुढचं सगळं झालं, पॅटर्न (म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना), ओतकाम, मशिनिंग. नवं बेअरिंग बसवायला घेतलं तर ते बोटानं ढकलल्यावर सुळकन आत गेलं, प्रेसला हात लावायचीही गरज पडली नाही. शेजारी एक जुने पॅटर्नमेकर मेस्त्री उभे होते. त्यांनी बेअरिंग उचललं, फिरवून बघितलं आणि म्हणाले, "गाडी विलायती न्हवं? मग इंचात बघा की. एक इंच नऊ सोळांश." एक इंच नऊ सोळांश म्हणजे ३९.६९ मिलिमीटर. आमचं घर तीन दशांश मिलिमीटरनं मोठं झालं होतं.

गाडी एका स्नेह्यांची. कुठली ते सांगत नाही, जुन्या गाड्यांच्या मालकांना ते आवडत नाही. का आवडत नाही त्याकडं पुढं येतो. वस्तू साधी, पाण्याच्या पंपाची बिडाची बॉडी. बाजारात मिळत नाही, परदेशात चौकशी केली तर तिथलाही साठा संपलेला. म्हणून लेझर स्कॅन करून इथंच ओतून घ्यायचं ठरलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहती उशाला असताना एका पंपाची काय कथा, असं आम्हाला वाटलं. पहिला तुकडा भंगारात गेला, आणि त्यात बोअरची चूक एकटी नव्हती.

दुसरी चूक मेस्त्रींनी पट्टीनं दाखवली. कपाटातनं एक जुनी पट्टी काढून त्यांनी नेहमीच्या पट्टीशेजारी ठेवली. दोन्हींवर १२ इंच कोरलेले. शून्याला शून्य जुळवलं तर बाराच्या खुणेशी त्यांची पट्टी एक अष्टमांश इंच पुढं. बीड थंड होताना फुटामागं साधारण तेवढं आवळतं, म्हणून पॅटर्न करताना याच पट्टीनं मोजायचं. गुणाकार डोक्यात करायचा नाही, तो पट्टीतच करून ठेवलेला. ॲल्युमिनियमची पट्टी निराळी, पोलादाची आणखी निराळी. आमच्या पंपाच्या दोन बोल्टांच्या कानांमधलं अंतर ११२ मिलिमीटर होतं. स्कॅन ११२, त्यावरनं प्रिंट केलेला प्लास्टिकचा पॅटर्न ११२, आणि ओतून आलेला तुकडा १११ला थोडा कमी. इंजिनावरच्या मापानं भोकं पाडली तर कान एका अंगाला कागदासारखे पातळ.

तिसरी चूक तर कुणाही मोल्डरच्या पोराला कळली असती. गॅस्केट जिथं बसते ते तोंड ओतल्यावर मशीनवर घासून सपाट करायचं असतं, त्यासाठी पॅटर्नवर दोन-तीन मिलिमीटर जादा धातू ठेवतात. आम्ही स्कॅन केलेली वस्तू आधीच घासलेली, वर गंजानं खाल्लेली. त्या गंजाचे खड्डे नव्या बिडात इमानेइतबारे उतरले. कोरा करकरीत तुकडा, आणि त्यावर साठ वर्षांचा गंज.

स्कॅनरवर माझा राग नाही. जे त्याच्यासमोर ठेवलं ते त्यानं चोख मोजलं. लेझरची रेघ वस्तूवर पडते, ठरलेल्या कोनातून कॅमेरा ती बघतो, रेघ कुठं किती वाकली त्यावरनं प्रत्येक बिंदूची खोली काढतो. असे लाखो बिंदू मिनिटाभरात. हातात धरून फिरवायचे चांगले स्कॅनर आता मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत जातात. चकचकीत क्रोम असलं की रेघ भलतीकडं उडते, त्यावर पांढरी भुकटी फवारावी लागते. काळं रबर प्रकाश गिळतं. खोल भोकाच्या आतलं त्याला दिसत नाही. एवढे नखरे सोडले तर मडगार्डचा बाक, डॅशबोर्डची कड, दाराच्या पत्र्यावरची उभारी या गोष्टी पूर्वी पुठ्ठे कापून, डोळे बारीक करून, चार वेळा पत्रा ठोकून जुळवाव्या लागत, त्या आता एका दुपारी हातात येतात. ऑस्ट्रेलियात १९१४ सालच्या डेलाज रेसिंग गाडीचा इंजिन ब्लॉक याच वाटेनं नव्यानं ओतला गेला. आकार संगणकात घेतला, आणि लाकडी पॅटर्न न करता वाळूचा साचाच थर थर प्रिंट केला. पोर्शे कंपनीनं २०१८च्या सुमारास आपल्या जुन्या गाड्यांचे काही भाग प्रिंट करून द्यायला सुरुवात केली. त्यात ९५९ या मॉडेलची क्लचची लीव्हर होती, आणि त्या गाड्या बनल्याच होत्या २९२.

पण पोर्शे अजून जिवंत आहे, आणि आपल्या लीव्हरची मूळ मापं तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? आपल्याकडं म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ला बंद पडला. प्रीमियर पद्मिनी थांबून पाव शतक होत आलं. अँबॅसडरचं उत्पादन २०१४ला उत्तरपाड्यात थांबलं. त्यांच्या ड्रॉइंगची भेंडोळी आज कुणाच्या कपाटात असतील ती असोत, उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्याच्या हाती ती पडणार नाहीत. त्याच्यापुढं उरतो झिजलेला तुकडा. आणि झिजलेल्या तुकड्यावरनं तो मुळात कसा होता हे ठरवायला डोकं लागतं, आणि ते डोकं स्कॅनरसोबत खोक्यात येत नाही. ही गाडी इंचातली की मिलिमीटरमधली, हा कोपरा मुळातच गोल होता की घासून झाला, हे भोक कारखान्यातलं की कुण्या मेकॅनिकनं एका रात्री रस्त्यात पाडलेलं! अंबाबाईच्या मूर्तीची झीज किती भरावी आणि कशी, यावर या गावानं वर्षानुवर्षं वाद घातलाय. त्यामुळं झिजलेल्या वस्तूचं मूळ रूप कोण ठरवणार हा प्रश्न कोल्हापूरकराला नव्यानं समजावून सांगावा लागू नये.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपण चुकीची वस्तू स्कॅनरखाली ठेवतोय. ओतीव वस्तूचं अस्सल रूप तिच्या पॅटर्नमध्ये असतं, आणि पॅटर्न आपल्या गावात माळ्यांवर पडलेत.

मेस्त्रींच्या माळ्यावर मी त्यानंतर गेलो. शिडी, वर पत्रा, मे महिना. सागवानाचे, काही देवदाराचे, दोन-चार ॲल्युमिनियमचे पॅटर्न एकावर एक रचलेले. ऑइल इंजिनांची फ्लायव्हीलं, उसाच्या चरख्याची दातेरी चाकं, पंपांची घरं, आणि मधेच जीपचे हब, ट्रकचे ब्रेक ड्रम, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. स्पेअर पार्टचे व्यापारी पन्नास-पन्नास नगांची ऑर्डर देत तेव्हाचे. रंग उडालेला, पण कुठली बाजू मशीन करायची आणि कोअर, म्हणजे आत पोकळी राखणारा वाळूचा गड्डा, कुठं बसणार ते रंगावरनं अजून कळतं. एका मॅनिफोल्डच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं: "कोअर उलटा बसवू नये." कुणीतरी एकदा उलटा बसवला असणार, त्याशिवाय असलं वाक्य लिहिलं जात नाही.

आणि शेजारीच त्याचा कोअर बॉक्स. हे महत्त्वाचं आहे. इंजिनाच्या हेडमध्ये, मॅनिफोल्डमध्ये, पंपाच्या घरात आत पोकळ वाटा असतात, पाणी आणि धूर जायला. बाहेरनं फिरणाऱ्या लेझरला त्या दिसतच नाहीत. त्यासाठी तुकडा कापावा लागतो, नाहीतर सीटी स्कॅनचं औद्योगिक यंत्र गाठावं लागतं, आणि जाड बिडापुढं तेही सगळीकडं चालत नाही. कोअर बॉक्स म्हणजे त्या आतल्या पोकळीचाच साचा, उघडा करून ठेवलेला. साध्या लेझर स्कॅनरनं तो अर्ध्या तासात मोजून होतो. न झिजलेला, आकुंचन धरलेला, जादा धातू ठेवलेला. आम्ही तीन चुका करून जे शिकलो ते सगळं त्या लाकडात आधीच होतं.

पॅटर्न तरी कुठं झिजत नाहीत, असं कुणी म्हणेल. झिजतात. वाळू कुटून कुटून कडा जातात. आणि इथं तर महापूरही आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपर्यंत पंचगंगा आली, शिरोलीजवळ हमरस्ता कित्येक दिवस बंद होता. तेव्हा तळघरांतले आणि जमिनीलगतचे पॅटर्न तरंगले, फुगले, सांधे सुटले. लाकूड आडवं जास्त फुगतं, उभं फारसं नाही. त्यामुळं भिजून वाळलेला पॅटर्न सगळीकडून सारखा बिघडत नाही आणि बघून संशय येत नाही. पण ही सगळी घाई करायचीच कारणं आहेत. २०२१ला पुन्हा पाणी आलं. जे वाचले ते न्हाणीच्या बंबात चाललेत. सागवान छान जळतं.

आता मालकीचा प्रश्न, आणि इथं मी थोडा अडखळतो. माळ्यावरचा पॅटर्न बहुतेक वेळा फाउंड्रीचा नसतोच. गिऱ्हाइकानं पैसे देऊन करून घेतलेला असतो, ओतकामापुरता इथं ठेवलेला. गिऱ्हाईक मेलं, कंपनी बुडाली, पॅटर्न राहिला. तो स्कॅन करून सगळ्यांसाठी खुला करायचा अधिकार मेस्त्रींना आहे का? चालू गिऱ्हाइकाच्या बाबतीत तर मुळीच नाही. आज मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करणाऱ्या एकाही फाउंड्रीनं तसला विचार करू नये, ऑर्डर जाईल आणि अब्रूही जाईल. पण नोंदवलेल्या डिझाइनचं संरक्षण आपल्या कायद्यात आधी १० आणि वाढवून आणखी ५ असं १५ वर्षांचं असतं, पेटंटचं २०. ज्या ब्रेक ड्रमचा व्यापारी आणि गाडीची कंपनी दोन्ही तीस वर्षांपूर्वी गेले त्याच्या आकारावर हक्क सांगायला कोण येणार आहे? कंपनीचं नाव आणि चिन्ह मात्र ट्रेडमार्क असतं, नूतनीकरण करत राहिलं की ते संपत नाही. ते ओतून घ्यायचं नाही. पत्ता लागला तर विचारायचं, नाही लागला तर तशी नोंद करून पुढं जायचं.

मला खरी भीती दुसऱ्या मालकीची वाटते, फाइलच्या. आमच्या पंपाचं स्कॅनिंग ज्यांनी केलं त्यांनी आम्हाला फक्त नुसत्या त्रिकोणांच्या जाळीची एसटीएल फाइल दिली. ती बघायला बरी. तिच्यात बदल करणं म्हणजे डोकेदुखी. मापं धरून केलेली, दुरुस्त करता येईल अशी कॅड फाइल हवी तर वेगळे पैसे, आणि ते दिल्यावरही मूळ स्कॅन त्यांच्याकडंच. उद्या त्यांनी धंदा बदलला की डिस्क कचऱ्यात. गाड्यांचे शौकीनही याच पंथातले. ज्यानं एक दुर्मिळ भाग करून घेतला तो त्याची फाइल मांडीखाली घालून बसतो, कारण दुसऱ्याची गाडी चालू झाली की याच्या गाडीचा भाव उतरेल अशी धास्ती. म्हणून स्नेह्यांच्या गाडीचं नाव सांगितलं नाही. परिणाम असा की एकच पंप चार गावांत चौघं स्वतंत्रपणे स्कॅन करतात आणि चौघंही बोअर ४० धरतात.

हे सगळं हौशी श्रीमंतांचं दुखणं आहे, त्यासाठी सार्वजनिक पैसा कशाला, असा आक्षेप मला घरातूनच ऐकावा लागला. रास्त आहे. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा सोनं लुटायच्या आधी तिच्याकडं डोळे लावून बसणारी माणसं या गावात हजारोंनी आहेत, मीही त्यांतलाच. पण मेबॅकच्या पार्टसाठी महापालिकेच्या शाळेचं छप्पर गळू द्यावं असं मला वाटत नाही. त्याच माळ्यावर मात्र चरख्याची चाकं होती. गुऱ्हाळवाल्याचा चरखा ज्यानं बनवला तो कारखाना बंद, हंगामात दात तुटला तर तो काय करतो? तुटका तुकडा पोत्यात घालून उद्यमनगर पालथं घालतो. पिठाची गिरणी, विहिरीवरचं जुनं इंजिन, ज्यावर अजून पोट चालतं तो पन्नास वर्षांचा लेथ, सगळ्यांचं दुखणं तेच, कंपनी गेली आणि भाग मिळत नाही. जुनी गाडी हे त्याचं चकचकीत टोक आहे, पैसे असलेलं टोक. सुरुवात त्यांच्याकडून फी घेऊन करावी आणि साठा सगळ्यांसाठी उघडावा.

दुसरा आक्षेप नकलीचा. उद्या एक चासी नंबर आणि चार फायली यांच्यावर अख्खी गाडी उभी करून कुणी ती अस्सल म्हणून विकली तर? विकेल, नक्की विकेल. जुलै २०२१ला केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांवरची गाडी, 'व्हीए' मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, रोजच्या वापराला बंदी. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आता इंजिनाचं तडकलेलं हेड शिरोलीत जसंच्या तसं ओतून बसवलं, तर तो फेरफार की दुरुस्ती? आकार तोच, धातू नवा. आरटीओतल्या साहेबानं हे कशावरनं ठरवायचं? जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं, फिवानं, आपल्या ट्युरिन सनदेत सांगितलेला उपाय मला पटतो, की बदललेल्या भागावर न पुसणारी खूण असावी. ओतकामात तर हे फुकट होतं. पॅटर्नवर चार अक्षरं चिकटवा, ती बिडात उतरतात: साल, गाव, फाइलचा नंबर. "कोल्हापूर" असं उठावानं लिहिलेलं हेड बसवायला ज्याला लाज वाटते त्याचा हेतू तपासावा.

एका बाबतीत मी कडवा आहे. स्कॅन आकार सांगतो, धातू सांगत नाही. स्टिअरिंगचा आर्म मुळात पोलाद ठोकून, म्हणजे फोर्जिंग करून बनवलेला असतो. त्याचा हुबेहूब आकार साध्या बिडात ओतला तर दिसायला सख्खा भाऊ, आणि पहिल्या खड्ड्यात दोन तुकडे. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांच्या फायली धातूची प्रत, कडकपणा आणि चाचणीची नोंद असल्याशिवाय साठ्यातून कुणालाही देऊ नयेत. कितीही गयावया केली तरी. गाडी रॅलीतच जाते म्हणून काय झालं, रॅलीच्या कडेला पोरं उभी असतात.

साठा ठेवायचा कुठं? नवी इमारत, नवा पुतळा, नवी समिती नको. गावात पॉलिटेक्निक आहे, आयटीआय आहे, उद्योजकांच्या तीन-तीन संघटना आहेत. एक मध्यम प्रतीचा स्कॅनर, एक खोली, आणि नियम एकच: इथं स्कॅन कराल तर एक प्रत इथं राहील. फाइलसोबत एक साधा कागद जोडायचा, त्यात कुठलं माप मोजलेलं आणि कुठलं अंदाजानं धरलेलं हे वेगवेगळं लिहायचं. "बोअर ४०, धरला" एवढं जरी आमच्या फाइलवर लिहिलेलं असतं तरी पुढचा माणूस थबकला असता. आणि पॅटर्नमेकरांना सत्काराला बोलवू नका, रोजंदारीवर बोलवा. शाल-नारळ त्यांच्या घरात पुष्कळ आहेत. संगणकावरच्या पोराशेजारी खुर्ची टाकून दिवसाचे पैसे देऊन बसवा. पोराला पट्टी कळेल, मेस्त्रींना माउस कळेल, आणि दोघं एकमेकांना थोडं हसतीलही.

हे गाव असलं काम पूर्वी करून बसलंय. सिनेमाचा विलायती कॅमेरा परवडेना तेव्हा आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी तो इथंच घडवायला घेतला. आनंदराव १९१६ला गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केलाच. खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ आहे, त्याला वळसा घालून आपण रोज जातो. त्यांच्याकडं स्कॅनर नव्हता. कानस होती, आणि जे डोळ्यांनी बघितलं ते का तसं आहे हे विचारायची सवय होती.

आमचा पंप दुसऱ्या खेपेला बसला. मेस्त्रींनी प्लास्टिकचा पॅटर्न बाजूला ठेवला, स्कॅनच्या मापांवर आपली पट्टी चालवली, तोंडावर तीन मिलिमीटर चढवले आणि लाकडात आठ दिवसांत काम उरकलं. बोअर लेथवर ३९.६९च्या बेतानं काढला. बेअरिंग प्रेसनं, कुरकुरत, आत गेलं. पैसे सांगताना ते जरा संकोचले.

माळा मात्र त्यांना दिवाळीच्या आत मोकळा करायचाय. थोरल्याला तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढायचं आहे, खालची जागा पुरत नाही. भंगारवाला येऊन बघून गेला. ॲल्युमिनियमच्या पॅटर्नला त्यानं किलोचा दर लावला, लाकडाचे नेण्याचे उलट हमालीचे पैसे मागितले. मॅनिफोल्डचा तो पॅटर्न आणि त्याचा कोअर बॉक्स मी घरी आणून पलंगाखाली ठेवलाय. बाकीचे अजून वर आहेत.